नवतप्यातली शिंगं

भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडून साकोलीकडे निघालं की तलावांचा मुलूख सुरू होतो. मे महिना सरत आला होता, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर होता. तलाव निम्म्याहून जास्त आटलेले आणि उरलेल्या पाण्यात म्हशी मानेपर्यंत बुडून बसलेल्या. हे माजी मालगुजारी तलाव, सगळ्यांच्या तोंडी ‘मामा तलाव’. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजातल्या लोकांनी काही शतकांपूर्वी ते धानाच्या शेतीसाठी बांधले. जमिनीचा उतार ओळखून मातीची पाळ घालायची आणि वरच्या तलावाचं सांडलेलं पाणी खालच्या तलावात घ्यायचं, एवढ्या जाणकारीवर हा सगळा प्रदेश उभा आहे. भंडारा-गोंदियाचा तांदूळ आजही या पाण्याचा आधार घेतो. रानाच्या कडेला जे तलाव आहेत, त्यांवर माणसं घरी परतली की जनावरं उतरतात.

या वाटेने नागझिरा आणि तिथून बालाघाटमार्गे कान्हा, हा प्रवास भर उन्हाळ्यातच करायचा असं फार दिवस मनात होतं. उन्हाळ्यात पानं झडून रान मोकळं होतं, पाणी मोजक्या ठिकाणी उरतं, म्हणून वाघ पाहणारे हाच काळ निवडतात. मला हरणांची डोकी पाहायची होती. सांबर, चितळ, बारशिंगा यांची शिंगं गळतात आणि पुन्हा उगवतात, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. ती नेमकी कधी गळतात आणि ती वेळ कशावर ठरते, याचं उत्तर मात्र पुस्तकापेक्षा रानात जास्त नीट कळतं. कारण मध्य भारताच्या या पट्ट्यात तिघेही एकाच उन्हात वावरतात आणि तिघांचा काळ वेगवेगळा असतो.

नागझिऱ्याला १९७० साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून जिथे वर्षं काढली आणि ज्याच्यावर भरभरून लिहिलं, ते नवेगावबांध इथून जवळच. पिटेझरीच्या बाजूने आत शिरलो तेव्हा साग जवळजवळ उघडा झाला होता आणि पाचोळ्यावर चालणाऱ्या मोराचा आवाजही दुरून येत होता. संध्याकाळी रानातल्या तळ्यावर सांबरांचा कळप आला. पुढे माद्या, मागे एक थोराड नर. मानेवर दाट आयाळ, अंगावर वाळलेला चिखल, आणि डोक्यावर शिंगांच्या जागी दोन बोथट खुंट. त्यांवर करडी मऊ लव होती. थोड्या अंतरावर एक तरुण नर उभा होता. त्याची शिंगं अजून शाबूत, कडक आणि सुकलेली.

“मोठ्यायचे पह्यले पडतेत जी, लहानायचे मंग,” आमचा वाटाड्या म्हणाला. त्याने हे कुठे वाचलेलं नव्हतं. दर उन्हाळ्यात तो ते पाहत आला होता. प्राणिशास्त्रही हेच सांगतं. बहुतेक हरणांमध्ये वयाने मोठे, ताकदीने वरचढ नर आधी शिंगं टाकतात आणि कोवळे नर मागाहून.

शिंग गळतं म्हणजे काय होतं, हे इथेच सांगायला हवं. काळवीट, चिंकारा, रोही, चौशिंगा यांची शिंगं म्हणजे हाडाच्या गाभ्यावर चढलेलं नखासारख्या द्रव्याचं आवरण. ती जन्मभर टिकतात, तुटली तर गेली. सांबर, चितळ, बारशिंगा, भेकर यांची शिंगं म्हणजे निव्वळ हाड. कवटीवरच्या दोन उंचवट्यांतून ते उगवतं. वाढीच्या काळात त्यावर मखमलीसारखी कातडी असते, तिच्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. या अवस्थेत शिंगाला हात लावला तर ते गरम लागतं. सस्तन प्राण्यांच्या शरीरात इतक्या वेगाने वाढणारं दुसरं हाड नाही. मोठ्या जातींत ते दिवसाला दोन सेंटीमीटरपर्यंत वाढतं. एवढा चुना आणि स्फुरद खाण्यातून पुरत नाही, म्हणून नराचं शरीर ते स्वतःच्या बरगड्यांतून काढून घेतं. त्या काळापुरती त्याची हाडं खरोखर विरळ होतात आणि पुढे भरून निघतात.

मग माजाचा हंगाम जवळ येतो. वृषणांतून सुटणाऱ्या टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण चढतं, शिंग पक्कं होतं, मखमलीचा रक्तपुरवठा तुटतो आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. हंगाम सरला की हेच प्रमाण उतरतं. त्याबरोबर शिंगाच्या बुडाशी हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. तिथला एक अरुंद पट्टा आतून पोखरला जातो. आदल्या दिवशी ज्या शिंगांवर दोन नर भिडू शकतात, ती दुसऱ्या दिवशी नुसत्या झटक्याने निखळतात. दोन्ही शिंगं बहुधा काही तासांच्या किंवा दिवसांच्या अंतराने पडतात. जखमेवर खपली धरते आणि तिच्याखाली नवं शिंग लगेच उगवू लागतं. शिंग गळणं हे म्हातारपणाचं किंवा दुखण्याचं लक्षण नाही. ते धडधाकट नराच्या वर्षाचं एक पान आहे.

वृषणांचा आणि शिंगांचा हा संबंध माणसाला फार पूर्वी कळला होता. खच्ची केलेल्या नराच्या शिंगांचं चक्र बिघडतं, हे ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवलं आहे. आज आपल्याला नेमकं माहीत आहे की कडक शिंगांच्या काळात नर खच्ची झाला तर शिंगं काही आठवड्यांत गळतात, आणि मखमलीच्या काळात झाला तर मखमल पुढे कधीच उतरत नाही.

मध्य भारतातले सांबर साधारण मार्चच्या अखेरीपासून पुढे शिंगं टाकतात. मेमध्ये नव्या खुंटांना मखमल आलेली असते आणि पावसाळाभर शिंग वाढत राहतं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या माजाला ते तयार असतं. काही नर एखादं वर्ष शिंगं टाकतच नाहीत, असं जुन्या शिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. मखमलीतला नर माद्यांच्या मागे लागत नाही आणि दाट काटेरी झाडीही टाळतो. नागझिऱ्याचा तो थोराड नरही सगळ्यात शेवटी पाण्यावर आला आणि सगळ्यात आधी निघून गेला.

सांबरांची शिंगं पडण्याचा हा काळ आणि तेंदूपत्त्याचा हंगाम एकच. चोरखमाऱ्याकडून बाहेर पडताना वाटेवरच्या गावांत अंगणाअंगणांत बायका, मुलं, म्हातारी माणसं पानांचे पुडे बांधत बसलेली दिसली. पहाटे अंधारात रानात शिरायचं, ऊन चढायच्या आत परतायचं, दुपारभर पानं मोजून बांधायची आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर नेऊन द्यायची. शेतीला काम नसलेल्या या दिवसांतली ही रोकड अनेक घरांना खरिपाच्या बियाण्याला उपयोगी पडते. पहाटेच्या त्या वाटांवर गळलेली शिंगं सापडतात ती याच लोकांना. पूर्वी ती गावात यायची. चाकूच्या मुठी, बटणं व्हायची, आणि आपल्याकडे तर घराघरांत सांबरशिंग असायचं. छातीत कफ दाटला, सांधा सुजला की सहाणेवर उगाळून त्याचा लेप लावायचा. वैद्य त्याचं भस्म करत. आता ती वाट कायद्याने बंद केली आहे. ती का बंद असावी, याकडे पुढे येतो.

गोंदियाच्या पुढे बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेश लागतो. नकाशावरची ही रेघ माणसांच्या बोलण्यात काही दिसत नाही. बालाघाटच्या बाजारात पोवारी आणि हिंदीच्या जोडीला मराठी सहज कानावर पडते. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि १९५६ पर्यंत या सगळ्या भागाची राजधानी नागपूरच होती. बालाघाटजवळ भरवेलीला मँगनीजची जुनी खाण आहे, पुढे उकव्यालाही. रस्ता मैकल डोंगरांचा घाट चढू लागतो आणि माती तांबडी होत जाते. एका बाजूला मलाजखंडला तांब्याची मोठी उघडी खाण, दुसऱ्या बाजूला देशातलं एक सर्वोत्तम जंगल, असा बैहरचा हा पठारी भाग आहे. घाट चढून वर आल्यावर सागाची उघडी झाडं मागे पडली आणि सालवृक्षांची हिरवी गर्दी सुरू झाली. साल उन्हाळ्याच्या तोंडी जुनी पानं टाकतो खरा, पण नवी पालवी त्याच वेळी फुटते, त्यामुळे रान कधी पुरतं उघडं पडत नाही. नागझिऱ्याच्या भाजलेल्या रानातून आल्यावर कान्ह्याच्या मुक्की बाजूच्या सालवनातली सावली अंगाला लगेच जाणवली.

कान्ह्यातली विस्तीर्ण गवताळ मैदानं पाहून वाटतं की ही मूळचीच. खरं तर त्यांतली बरीच मैदानं म्हणजे उठवलेल्या गोंड-बैगा गावांची शेतं आहेत. एका कडेचा आंबा, एखादी बुजत आलेली विहीर अजून खूण सांगते. आमच्या गाडीतला वाटाड्या बैगा होता. त्याच्या आजीच्या कपाळावर, हातापायांवर गोंदण होतं आणि तिचं माहेर आजच्या एका मैदानाच्या जागी होतं, असं त्याने सांगितलं. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पण या रानाचं यश सांगताना त्याची किंमत कुणी दिली हेही सांगितलंच पाहिजे, असं मला वाटतं.

ते यश म्हणजे बारशिंगा. कठीण जमिनीवर राहणाऱ्या, घट्ट खुरांच्या या बारशिंग्याची उपजात रानात टिकून राहिली ती फक्त कान्ह्यात. १९३८ मध्ये इथे सुमारे तीन हजार बारशिंगे होते. १९७० मध्ये ६६ उरले. शिकार हे एक कारण होतं, पण खोलवरचं कारण गवतात होतं, आणि ते शिंगांच्या वेळापत्रकाशी थेट जोडलेलं आहे. बारशिंग्यांचा माज डिसेंबर-जानेवारीत असतो. मादी साधारण आठ महिने पोटाशी असते. म्हणजे पाडसं पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरला जन्मतात. त्या वेळी गवत डोक्याएवढं झालेलं असतं आणि पहिले काही दिवस पाडस त्यातच दडून राहतं. गावांच्या गुरांनी गवत चरून आखूड केलं, वणव्यांनी जाळलं, की दडायला जागा उरत नाही. बारशिंगा तर जवळजवळ फक्त गवतच खातो. गावं हलली, गवत वाढलं, शिकारी प्राणी आत येऊ नयेत असं मोठं कुंपण घालून त्यात काही बारशिंगे राखले गेले. आज कान्ह्यात त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे आणि २०१५ पासून काही जनावरं सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेऊन वसवली आहेत. १९६३ ते १९६५ या काळात जॉर्ज शॅलर यांनी याच मैदानांच्या काठी बसून हरणं आणि वाघ यांचा अभ्यास केला. १९६७ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथात या तिन्ही हरणांच्या शिंगांच्या अवस्था महिन्यामहिन्याने नोंदलेल्या आहेत.

सकाळच्या उन्हात मैदानातल्या ओलसर पट्ट्यात बारशिंग्यांचा कळप चरत होता. डिसेंबरच्या छायाचित्रांत यांच्या डोक्यांवर दहा-बारा टोकांची भली थोरली शिंगं दिसतात. आत्ता एकाच्या डोक्यावर काहीच नव्हतं, दुसऱ्याला बोटभर खुंट आले होते, तिसऱ्याची वीतभर मखमली शिंगं नुकती दुभंगत होती. आणि त्याच कळपाच्या कडेला चितळ! त्यांच्यातल्या मोठ्या नरांची शिंगं पूर्ण वाढलेली, घासून टोकं पांढरी झालेली. एक नर मान लांबवून पुन्हा पुन्हा ओरडत होता, दुसरे दोन शिंगात शिंग घालून रेटारेटी करत होते. चितळांचा माज ऐन मेमध्ये होता.

या दृश्याने मला सगळ्यात जास्त चकित केलं. दिवस एकच, ऊन एकच, गवत एकच. शेजारी शेजारी चरणाऱ्या दोन जातींत एकीचं वर्ष संपलेलं आणि दुसरीचं ऐन भरात. मध्य भारतातले चितळ बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराला शिंगं टाकतात, हिवाळ्यात मखमलीत असतात आणि उन्हाळ्यात पुरते सजलेले असतात. त्यातही सगळ्यांची वेळ एक नसते. त्याच कळपात एक नर मखमली शिंगांचा होता, आणि तो कुणाच्या अध्यात-मध्यात न पडता चरत होता. चितळ मादी वर्षाच्या कुठल्याही महिन्यात माजावर येऊ शकते, पाडसं वर्षभर जन्मतात, फक्त हिवाळ्याच्या अखेरीस जास्त. त्यामुळे प्रत्येक नराचं चक्र स्वतःचं, पण ते साधारण वर्षाचंच.

थंड देशांत अशी मोकळीक नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला उन्हाळ्यात दिवस अठरा तासांच्या आसपास असतो आणि हिवाळ्यात सात तासांहून कमी. कान्ह्यात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम पावणेतीन तासांचा फरक. तिकडे पाडस चुकीच्या महिन्यात जन्मलं तर बर्फात मरतं, म्हणून तिकडची हरणं दिवसाच्या लांबीला घट्ट बांधलेली आहेत. उजेड डोळ्यांतून मेंदूतल्या ग्रंथीपर्यंत पोचतो, ती रात्रीच्या लांबीप्रमाणे मेलॅटोनिन सोडते आणि त्यावर पुढची सगळी संप्रेरकं हलतात. स्कॉटलंडचं तांबडं हरिण मार्च-एप्रिलमध्ये शिंगं टाकतं. तेच हरिण एकोणिसाव्या शतकात न्यूझीलंडला नेलं तेव्हा तिकडच्या ऋतूंप्रमाणे त्याचं वर्ष सहा महिन्यांनी सरकलं. आपल्या काश्मीरचा हंगुलही मार्च-एप्रिलमध्येच शिंगं टाकतो. अमेरिकेतले रिचर्ड गॉस यांनी सिका हरणांना कृत्रिम उजेडात ठेवून ‘वर्ष’ आखूड केलं, तेव्हा एका खऱ्या वर्षात त्यांची शिंगं एकाहून जास्त वेळा गळली आणि उगवली. बारा तास उजेड, बारा तास अंधार असं कायम ठेवल्यावर गळणंच थांबलं.

उजेडाने महिना ठरतो, पण आठवडा ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्या. वयाचं वर आलंच. अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांत डिसेंबर ते मार्च असा लांबलचक काळ शिंगं गळतात, आणि उपासमार झालेला, जखमी किंवा आजारी नर ती लवकर टाकतो. माजावर येणाऱ्या माद्या उशिरापर्यंत मिळत राहिल्या तर शिंगं जास्त टिकतात. धडधाकट नर मात्र वर्षानुवर्षं जवळजवळ त्याच दिवसांत शिंगं टाकतो. रेनडिअरमध्ये तर मादीलाही शिंगं असतात. नर माज संपल्यावर हिवाळ्याच्या सुरुवातीला ती टाकतो आणि गाभण मादी वसंतात पाडस होईपर्यंत राखते, कारण बर्फाखालचा चारा उकरून त्यावर हक्क सांगायची गरज त्या काळात तिला असते.

माणसं हे फार पूर्वीपासून टिपत आली आहेत. चीनच्या प्राचीन ऋतुपंचांगात उन्हाळी आणि हिवाळी अयनदिनांजवळ हरणांची शिंगं गळण्याची नोंद आहे. सम्राट छियानलोंगला तिच्याबद्दल शंका आली. १७६७ साली हिवाळ्यात त्याने राजधानीबाहेरच्या शाही उद्यानात माणूस पाठवला. तिथल्या हरणांची नुकतीच गळलेली शिंगं हाती आली आणि सम्राटाने पंचांगातली नोंद दुरुस्त करायला लावली. कान्ह्यातल्या आमच्या बैगा वाटाड्याला असा कुठला आदेश नव्हता, पण चितळ, सांबर आणि बारशिंगा यांचे महिने त्याला तोंडपाठ होते. शॅलर यांच्या नोंदींशी ते जुळतात.

परतीच्या दिवशी श्रवणतालाच्या बाजूने आलो. दशरथाच्या बाणाने श्रवणबाळ जिथे पडला ती जागा हीच, असं इथले लोक सांगतात. तिथून पुढे गाडीवाटेच्या कडेला सालाच्या पाचोळ्यात सांबराचं एक शिंग पडलेलं दिसलं. उन्हाने पांढरट झालेलं. एका टोकाला कोरल्यासारख्या बारीक समांतर खाचा होत्या. साळिंदराचे दात. साळिंदर, उंदीर आणि खुद्द हरणंसुद्धा गळलेली शिंगं चघळतात. मध्य भारतातल्या मातीत आणि उन्हाळ्यातल्या सुकलेल्या गवतात स्फुरद कमी, आणि गाभण माद्यांना, दूध पाजणाऱ्या माद्यांना तो हवाच असतो. बरगड्या झिजवून उभं केलेलं शिंग असं पुन्हा रानाच्या पोटात जातं. हजारो हरणं असूनही रानात शिंगांचे ढीग दिसत नाहीत, याचं कारण हेच.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गळलेलं शिंग उचलणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे. शिंग आपोआप पडलेलं असो की जनावर मारून काढलेलं, बाजारात दोन्ही सारखीच दिसतात. विक्रीची मुभा दिली तर शिकारीची शिंगंही त्याच वाटेने खपतात. म्हणून ही बंदी मला योग्य वाटते. कान्ह्याला, नागझिऱ्याला किंवा ताडोब्याला जाल तेव्हा वाघाची वाट पाहताना समोरच्या कळपातल्या नरांच्या डोक्यांकडे पाहा, कुणाचं काय चाललं आहे ते वहीत तारखेसह लिहा, आणि जमलं तर एकदा मेमध्ये आणि एकदा डिसेंबरमध्ये जा. गळलेलं शिंग दिसलं तर त्याचं छायाचित्र काढा, वनरक्षकाला जागा सांगा आणि ते उचलू नका.